सोर्समधला ळ

लग्नाच्या पंगतीत कुणी विचारलं, "तुम्ही नोकरीत नेमकं काय करायच्या?" की मी "कॉम्प्युटरमध्ये होते" एवढं सांगून पानातल्या वरणभाताकडे वळते. खरं उत्तर द्यायला लागलं की समोरच्याची नजर वाढप्याला शोधू लागते, असा माझा अनुभव आहे. तुम्ही फार तर पान उलटाल, म्हणून इथे सांगूनच टाकते.

मी डेटाबेस हलवायचे. दवाखान्याचे रुग्ण, कॉलेजची मुलं, कारखान्यातले सुटे भाग यांच्या नोंदी ज्या कप्प्यांमध्ये लावून ठेवलेल्या असतात, तो डेटाबेस. पूर्वी तो ऑफिसच्या एखाद्या खोलीत, माणसांच्या नशिबी नसेल अशा एसीत ठेवलेला असायचा. आता सगळ्यांना तो 'क्लाउड'वर हवा असतो. म्हणजे दूर कुठेतरी, दुसऱ्याच्या यंत्रांवर, भाड्यानं. हे सामान नेऊन देणाऱ्या तयार सेवा मिळतात. त्यांची पहिली अट अशी की तुमचं जुनं घर, ज्याला आम्ही सोर्स म्हणतो, ते त्यांच्या यादीत असायला हवं. अमुक जातीचा डेटाबेस, तमुक व्हर्जन किंवा त्याच्या पुढचं. यादीत असलात तर काम बटण दाबण्याचं. नसलात तर जुन्या डेटाबेसमधून सगळं बाहेर काढा, यादीतल्या एखाद्या मधल्या डेटाबेसमध्ये भरा आणि तिथून पुढे पाठवा. हा मधला मुक्काम माझ्याकडे असायचा. इंदूरमध्ये यादीबाहेरचे इतके निघाले की मला उभ्या नोकरीत रिकामं बसायला मिळालं नाही.

देपालपुरातल्या एका धान्याच्या व्यापाऱ्यांकडे पहिल्या दिवशी गेले तेव्हा त्यांच्या मशीनवर कुंकवाचं स्वस्तिक होतं आणि धूळ बसू नये म्हणून वर बारदान टाकलेलं होतं. मी विचारलं, "सेठजी, व्हर्जन कौन सा है?"

ते म्हणाले, "मैडमजी, चलता हुआ वर्जन है."

बारदान काढून मी आत डोकावले, तर शेतकऱ्यांच्या नावाच्या रकान्यात सगळे रामलाल भि, मांगीलाल भि, गेंदालाल भि. मला वाटलं, काही तरी बिघडलंय. मग मुनीमजींनी समजावलं. ते प्रत्येकाला तोंडानं भिया, म्हणजे आमचं इंदुरी भैया, म्हणत, म्हणून नोंद करतानाही भिया लिहीत. रकाना अरुंद, त्यामुळे 'या' बाहेरच राहिला. मी कपाळावर हात मारून घेतला. माणसं रकान्यात जे हवं ते लिहीत नाहीत, तोंडात बसलेलं लिहितात, हे त्या दिवशी कळलं आणि हसून मी ते विसरूनही गेले.

आता ज्या प्रकरणाचा मला अजून धसका आहे ते सांगते.

छत्रीबागेजवळच्या एका जुन्या धर्मादाय रुग्णालयाचं काम आमच्याकडे आलं. त्यांचा डेटाबेस यादीत नव्हताच; यादी करणारे जन्मले असतील तेव्हाचा असावा. त्या काळी कॉम्प्युटरला देवनागरी येत नव्हती. मग लोकांनी युक्ती काढली होती. कीबोर्डवर इंग्रजी अक्षर दाबायचं आणि फॉन्ट पडद्यावर त्याला मराठी-हिंदीचं सोंग द्यायचा. पडद्यावर तुम्हाला 'म' दिसतो, पण मशीनच्या पोटात असतं इंग्रजी 'ई'. फॉन्ट काढून घेतला तर कीबोर्डवरून मांजर चालत गेल्यासारखं दिसतं. म्हणून मधल्या मुक्कामात प्रत्येक खुणेचं खरं अक्षर करून घ्यावं लागतं.

हे अक्षरांचं काम पंकजकडे होतं. पंकज पक्का इंदुरी, हुशार, कामाला वाघ. बॉसपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना भिया म्हणायचा आणि कित्येकदा मलाही, मग जीभ चावून "सॉरी, दीदी." त्याला मराठी येत नव्हतं, पण इंदूरमध्ये त्यानं कुणाचं अडत नाही. आम्ही दोघं बरीच वर्षं समोरासमोरच्या टेबलांवर बसलो होतो.

रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागाचे प्रमुख तिवारीजी. त्यांनी जाता जाता एक काम वाढवलं. लोक कार्ड हरवून येतात, दर वेळी नवा नंबर काढतात, त्यामुळे एकाच माणसाच्या तीन-तीन नोंदी झाल्या होत्या. त्यांना त्या एक करून हव्या होत्या. नियम त्यांनीच ठरवला: नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव आणि साधारण वय जुळलं की माणूस एकच. पत्ता बघायचा नाही, कारण लोक घरं बदलतात. माहितीत फरक असेल तर सगळ्यात अलीकडची खरी. नियम वाईट नव्हता. मीही त्याला मान डोलावली.

ओपीडी बंद म्हणून रविवार धरला. दुपारपर्यंत सगळं वर गेलं. मोजणी जुळली, तपासण्या हिरव्या आल्या. तिवारीजींनी नावांची पानंच्या पानं डोळ्यांखालून घातली. "वाह, एक भी नाम टूटा नहीं," म्हणाले आणि कचोऱ्या मागवल्या. जुनं मशीन लगेच बंद करा, असा त्यांचा आग्रह होता. मी नको म्हटलं. नव्या घरात पाणी येतंय का ते बघितल्याशिवाय जुन्या घराची किल्ली देऊ नये, एवढा शहाणपणा मला होता, आणि त्यावरच पुढे आम्ही तरलो.

सोमवारी मी रुग्णालयातच थांबले होते. बायकांच्या वॉर्डातला कॉम्प्युटर अडखळतोय म्हणून मला वर बोलावलं. मी सिस्टरच्या टेबलाखाली वाकून केबल बघत होते. समोरच्या कॉटवर साठीच्या एक बाई पडून होत्या. शुगर, पायाला चिघळलेली जखम, अंगात ताप, डोळे अर्धे मिटलेले. जखम साफ करायला त्यांना थोड्या वेळानं ऑपरेशन थिएटरमध्ये नेणार होते. शेजारी त्यांचे यजमान, रमेशराव, निवृत्त शिक्षक. सिस्टर रजनी ट्रे घेऊन आली. त्यात सिरिंज भरून ठेवलेली.

"सिस्टर, ते पेनिसिलिन आहे काय?" रमेशरावांनी विचारलं आणि लगेच हिंदीवर आले, "इनको वो नहीं चलता. पिछली बार यहीं पर रिॲक्शन आ गई थी. पूरा चेहरा सूज गया, साँस अटक गई थी. आपके कंप्यूटर में लिखा होगा ना."

तोवर कॉम्प्युटर चालू झाला होता. सिस्टरनं ट्रे खाली ठेवून बघितलं. "बाबूजी, इसमें तो लिखा है, ॲलर्जी नहीं." तिनं पडदा त्यांच्याकडे फिरवला.

रमेशरावांनी चष्मा वर करून वाचलं. पुन्हा वाचलं. मला वाटलं आता ते भांडतील. बायकोला मरणाच्या दारातून परत आलेलं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. आणि तो माणूस म्हणाला, "अच्छा? मग दुसरं कुठलं असेल ते. माझीच काही तरी गल्लत होते आहे. कंप्यूटर थोड़ी ना गलत लिखेगा. आप दे दो."

मी टेबलाखाली होते. माणसानं डोळ्यांनी बघितलेलं सोडलं आणि पडद्यावरचं धरलं, तेही मी आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं तिथे नेऊन ठेवलेलं. पण अजून चूक कुठे आहे ते मला दिसत नव्हतं. कदाचित खरंच त्यांची गल्लत असेल, असं माझ्याही मनात आलं.

सिस्टरनं सिरिंज उचलली. इंजेक्शन द्यायच्या आधी पेशंटचं नाव मोठ्यानं वाचायचं ही तिथली शिस्त. तिनं वाचलं, "सुशीला रमेश माली, हातोद."

"हातोद?" रमेशराव म्हणाले. "हातोद कुठलं? आम्ही इथलेच, छत्रीबागेतले. आणि माली नाही हो. माळी."

मी "रुको!" म्हणून ओरडले आणि उठताना डोकं टेबलावर असं आपटलं की पाण्याचा ग्लास खाली आला. सिस्टर दचकली. तिचा हात थांबला. मी तोंडानं एवढंच म्हणू शकले, "ये वो नहीं है. ये दूसरी सुशीला है."

कारण त्या एका अक्षरानं मला सगळं कळलं होतं. माझं आडनाव गोळे. संस्थानच्या दफ्तरात आमच्या सासरचं कुणी कारकून होतं तेव्हापासून आम्ही इंदुरात आहोत. ळ ऐकायला माझा कान तयार आहे. माळव्यात गावोगाव माली आहेत आणि शहरात मराठी माळी. छत्रीबागेतल्या सुशीलाबाई माळींच्या नोंदीत पेनिसिलिन लाल अक्षरात होतं. हातोदच्या सुशीलाबाई मालींच्या नोंदीत 'ॲलर्जी नहीं' होतं, आणि त्या अलीकडे येऊन गेल्या होत्या. दोघींच्या नवऱ्यांची नावं रमेश. वय साधारण एकच. आमच्या नियमानं दोघींची एक बाई केली होती आणि अलीकडचं खरं मानलं होतं.

पण ळ गेला कुठे? तो सोर्समध्ये होता. मी खाली रेकॉर्डच्या खोलीत धावत गेले. जुनं मशीन चालूच होतं. त्यावर शोधलं तर दोन्ही सुशीला दोन जागी व्यवस्थित बसलेल्या, एक माळी, एक माली. मग मधल्या मुक्कामात बघितलं. तिथे एकही ळ नव्हता. एवढ्या मोठ्या रुग्णालयात, जिथे अर्धी मराठी वस्ती उपचाराला येते, तिथे काळे नव्हते, मुळे नव्हते, कांबळे नव्हते. काले, मुले, कांबले होते.

पंकजला बोलावून घेतलं. तो हातात हेल्मेट घेऊनच आला.

"दीदी, वो अक्षर? वो तो कचरा था," तो म्हणाला. "पुराने फॉन्ट में बड़े वाले G पर कुछ अजीब सा आ रहा था. मैंने सोचा, टाइप करने वाले की शिफ्ट दबी रह गई होगी. जहाँ-जहाँ था, वहाँ ल रखा तो सब नाम बराबर बैठ गए. माली, काले, बाल. तो साफ कर दिया."

त्याच्या आवाजात थोडा अभिमानच होता. मला राग यायला हवा होता, पण ही चूक माझ्याही हातून निसटली होती. नावं मोडली असती, प्रश्नचिन्हं, चौकोन आले असते, तर तिवारीजींनी पहिल्या पानावर पकडलं असतं. इथे चुकलेलं नाव बरोबर नावासारखं दिसत होतं. माझ्या सगळ्या तपासण्या काही हरवलंय का ते बघायच्या. एका अक्षराच्या जागी दुसरं आलं तर मोजणीत काही कमी होत नाही.

"अरे, कचरा कसला?" मी म्हणाले. "अक्षर आहे ते. माझ्या नावात आहे!"

"आपके नाम में?" पंकज खरोखर गोंधळला. "आप तो गोले हो ना?"

"गोळे."

"गोडे?"

"गोळे रे! ळ!"

"गोरे?"

तिवारीजी मधेच म्हणाले, "हम भी तो गोले ही समझते थे." इतकी वर्षं हा मुलगा माझ्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी खात होता आणि त्याला माझं आडनाव माहीत नव्हतं. त्या गडबडीतही मला ते लागलं.

हळहळायला वेळ नव्हता. तिवारीजींना सांगून नवी सिस्टिम थांबवली. सगळ्या वॉर्डांत निरोप गेला की आज कॉम्प्युटरवरचं काही खरं धरू नका, पेशंटला विचारा, नातेवाइकाला विचारा, जुना कागद बघा. रुग्णालयात आरडाओरडा झाला. मोठ्या डॉक्टरांनी मला आणि तिवारीजींना उभं करून जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. सुशीलाबाईंना दुसरं औषध देऊन थिएटरमध्ये नेलं. पंकज आणि मी जुन्या मशीनसमोर बसलो. मोठ्या G चा ळ केला, जोडलेल्या नोंदी सोडवल्या, सगळं पुन्हा वर पाठवलं. ळ मुळे एकमेकींत मिसळलेल्या आणखी जोड्या निघाल्या. त्यातल्या एका जोडीत दोन तान्ही बाळं होती. ते बघून पंकजनं तोंडावर हात ठेवला. काम करता करता तो पुटपुटत होता, "माळी. काळे. मुळे." पहिल्यांदा 'ड' यायचा, मग 'र'.

सुशीलाबाईंचा पाय वाचला. आठवडाभरानं त्या घरी गेल्या. रमेशरावांनी मला घरी यायचं आमंत्रण दिलं. चूक कुणाची ते त्यांना नीट कळलं नसावं. त्यांच्या लेखी मी ओरडून थांबवणारी बाई होते. मी गेले नाही. जायला तोंड नव्हतं.

काही आठवड्यांनी सगळं सुरळीत चाललेलं बघून जुनं मशीन बंद करायचं ठरलं. त्यासाठी पंकज आणि मी रुग्णालयात गेलो. शुगरची ओपीडी होती, खालचा हॉल भरलेला. आत जायचा पास देणाऱ्या खिडकीसमोर आम्ही रांगेत उभे होतो आणि शेजारच्या काउंटरवरच्या मुलीनं हाक दिली, "सुशीला माली!"

दोन बायका उठल्या.

एक लुगड्यातली, डोक्यावर पदर, हातात पिशवी. दुसऱ्या काठी टेकत उठलेल्या, पायाला पट्टी, त्या आमच्या सुशीलाबाई. दोघी एकमेकींकडे बघून थांबल्या. हातोदच्या बाई हसल्या, "थें जाओ पेलां, थांको पग दुखे," म्हणाल्या आणि त्यांना आधी जायला खुणावून खाली बसल्या. सुशीलाबाई काउंटरशी पोचल्या. पडद्यावर हातोदची नोंद उघडलेली होती. ॲलर्जी नहीं.

मी रांग सोडून धावले. मुलीला दोन नोंदी दाखवल्या, पत्ता विचारून घे म्हणून सांगितलं, सुशीलाबाईंची खरी नोंद उघडून घेतली. ते लाल अक्षर दिसेपर्यंत जिवात जीव नव्हता. मी चिडूनच मुलीला म्हटलं, "नाम ठीक से सुनती क्यों नहीं? इनका नाम माळी है."

"मैडम, इन्होंने ख़ुद बोला. माली."

मी सुशीलाबाईंकडे वळले. त्या ओशाळून हसल्या. "अहो, काउंटरवर माळी बोललं की 'क्या? क्या?' करतात. दोन-दोन दफा सांगावं लागतं, मागची लाइन ओरडते. मी सीधं मालीच बोलून देते. बँकेत पण, रेशनला पण. कोण झंझट करेल?"

मशीनच्या पोटातून शोधून आणलेला ळ, रात्रीची झोप घालवलेला ळ, आणि ज्यांच्या जिवासाठी आणला त्या स्वतःच तो खिडकीबाहेर ठेवून येत होत्या. मी त्यांचा हात धरला. "बाई, मालीवर दुसरीच नोंद उघडते हो. तुम्हाला कुठलं इंजेक्शन चालत नाही ते तिच्यात लिहिलेलं नाही. दहा वेळा सांगावं लागलं तरी चालेल, लाइन ओरडू दे, पण माळीच सांगा. कधीही, कुठेही. एवढं माझं ऐका." माझा आवाज चढला होता, हॉलमधली माणसं बघत होती. त्यांनी मान हलवली आणि माझ्याकडे बघून एकदा सावकाश म्हणून दाखवलं, "माळी."

मी डोळे पुसत पासच्या खिडकीकडे परत आले. पंकजनं जागा धरून ठेवली होती. खिडकीतल्या मुलानं मान वर न करता विचारलं, "नाम?"

"गोले," मी म्हणाले.

त्याची बोटं कीबोर्डवर चालू झाली. हीच नोंद आम्ही वर नेऊन ठेवलेल्या डेटाबेसमध्ये जाणार होती. माझ्या तोंडून काय निघालं ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. कळलं ते शेजारी उभा पंकज खिडकीत वाकला तेव्हा.

"गोले नहीं भिया," तो त्या मुलाला म्हणाला, "गोळे."

ळ अगदी स्वच्छ होता.